भेडाघाटची व्याख्यानशाला आणि जबलपूरचा विखुरलेला इतिहास

जबलपूरच्या पश्चिमेस, नर्मदेच्या काठी वसलेल्या भेडाघाट येथे कलचुरी संवताच्या ९०७ व्या वर्षी, म्हणजे इसवी सन ११५५ मध्ये, राणी अल्हणदेवीने एक शिलालेख कोरवून घेतला. मेवाडच्या गुहिल घराण्यात जन्मलेली आणि त्रिपुरीच्या कलचुरी घराण्यात सून म्हणून आलेली ही राणी त्या वेळी विधवा होती. तिचे पती गयाकर्ण निवर्तले होते आणि पुत्र नरसिंहदेव राज्य करीत होता. राणीने शिवाचे मंदिर बांधले, त्याला जोडून मठ उभारला, उद्याने लावली आणि एक व्याख्यानशाला बांधली, असे या लेखात म्हटले आहे. व्याख्यानशाला म्हणजे ग्रंथांचा अर्थ श्रोत्यांपुढे उलगडून सांगण्याची जागा होय. या सर्वांच्या खर्चासाठी जी दोन गावे लावून दिली, त्यांपैकी एक ‘जाउली पत्तला’ या विभागात होते. पत्तला हा आजच्या तालुक्यासारखा कारभाराचा घटक असून, जबलपूर या नावाचे मूळ या ‘जाउली’त असावे असे अनेक अभ्यासक मानतात, लोकांमध्ये मात्र जाबाली ऋषींचे नाव किंवा ‘जबल’ म्हणजे पर्वत या अर्थाचा अरबी शब्द, अशा दोन व्युत्पत्ती अधिक प्रिय आहेत.

इतिहासविषयक प्रदर्शने, व्याख्याने आणि फेऱ्या यांचा जबलपूरच्या संदर्भात विचार करताना हा लेख दोन कारणांनी महत्त्वाचा ठरतो. एक तर सार्वजनिक व्याख्यानासाठी वेगळी वास्तू बांधण्याची कल्पना या परिसरात साडेआठशे वर्षांहून जुनी असल्याचे त्यावरून दिसते. दुसरे म्हणजे हा लेख आज भेडाघाटला पाहावयास मिळत नाही. सागर-नर्मदा प्रदेशात शिक्षण खात्यात असलेल्या फिट्झ-एडवर्ड हॉल या मूळच्या अमेरिकन संस्कृत अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तो प्रसिद्ध केला, आणि ती शिळा अमेरिकेतील न्यू हेवन येथे अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या संग्रहात जाऊन पोहोचली. मंदिराची जागा नर्मदेकाठी आणि ते कोणी, केव्हा, कशासाठी बांधले हे सांगणारा दगड अटलांटिकपलीकडे, अशी ही स्थिती आहे.

या एका शिळेची जी गत झाली, तीच कमीअधिक प्रमाणात जबलपूरच्या सगळ्या इतिहासाची झालेली आहे. जवळच्या तेवर गावातील आणि भेडाघाट परिसरातील शिल्पे व लेख नागपूर आणि कोलकाता येथील संग्रहालयांत विखुरले. येथील टेकडीतून निघालेली डायनोसॉरची हाडे कोलकात्यास गेली. मराठी अमलातील कागद मोडी लिपीत असल्यामुळे आजच्या जबलपूरकरास ते समोर आले तरी वाचता येत नाहीत. शहराला इतिहास कमी नाही, पण वस्तू एका ठिकाणी, तिची जागा दुसऱ्या ठिकाणी आणि दोहोंना जोडणारी हकीकत तिसऱ्याच ठिकाणी, असे त्याचे तीन तुकडे झाले आहेत. प्रदर्शन वस्तू सांभाळते, फेरी जागेपर्यंत नेते आणि व्याख्यान हकीकत सांगते. म्हणूनच ही तीन माध्यमे एकमेकांपासून सुटी चालवण्यात फारसा अर्थ उरत नाही.

जबलपूरमधील भंवरताल भागात असलेले राणी दुर्गावती संग्रहालय हे या वस्तूंचे शहरातील मुख्य घर आहे. कलचुरी काळातील दगडी शिल्पे हा त्याचा गाभा असून, त्यांपैकी बरीच तेवर आणि आसपासच्या गावांतून आलेली आहेत. तेवर म्हणजे प्राचीन त्रिपुरी. जबलपूरहून भेडाघाटकडे जाणाऱ्या रस्त्यावर असलेले हे गाव सुमारे तीन शतके मध्य भारतातील एका प्रबळ राज्याची राजधानी होते. त्या राज्याचा गांगेयदेव हा राजा अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात होऊन गेला. त्याने पाडलेली, एका बाजूस बसलेल्या लक्ष्मीची आकृती असलेली सोन्याची नाणी इतकी चालली की पुढे उत्तरेकडील अनेक राजघराण्यांनी त्यांचे अनुकरण केले. त्याचा पुत्र कर्ण याच्या राज्याचा दबदबा बंगालपासून गुजरातपर्यंत पसरला होता. परंतु कोणत्याही संग्रहालयात शिल्पाखालील फलकावर सामान्यतः देवतेचे नाव, शतक आणि सापडल्याचे गाव एवढेच येते. ‘विष्णू, अकरावे शतक, तेवर’ हे तीन शब्द जाणकाराला पुरतात. तेवर कोठे आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याला ते काहीच सांगत नाहीत.

फलक कसा असावा याचा एक प्राचीन नमुना मात्र जवळच आहे. भेडाघाटच्या टेकडीवरील चौसष्ट योगिनी मंदिर हे वर्तुळाकार, मधल्या अंगणावर छप्पर नसलेले मंदिर आहे. कडेच्या ओवरीत ओळीने देवकोष्ठे असून त्यांत योगिनींच्या मूर्ती बसवल्या आहेत. नाव चौसष्ट योगिनींचे असले तरी देवकोष्ठांची मूळ योजना एक्याऐंशी मूर्तींची, म्हणजे नऊ नवे एक्याऐंशी अशी होती. अनेक मूर्तींच्या पायथ्याशी त्या त्या योगिनीचे नाव त्या काळच्या नागरी लिपीत कोरलेले आहे. ‘कामदा’, ‘तेरंवा’ अशी ही नावे सुमारे हजार वर्षांपूर्वी कोरली गेली. इतर ठिकाणच्या अनेक योगिनी मंदिरांत मूर्तीची ओळख तर्काने पटवावी लागते, येथे ती दगडातच लिहिलेली आहे. या मूर्तींपैकी अनेकांची डोकी आणि हात फोडलेले असूनही त्यांची नावे शिल्लक राहिली. अल्हणदेवीच्या लेखासारखी ही नावे कोणी उचलून नेली नाहीत, कारण ती मूर्तीपासून वेगळी करता येत नव्हती.

जो लेख उचलून नेला गेला, त्याच्यासाठी पुराभिलेखविद्येने, म्हणजे कोरीव लेखांच्या अभ्यासशास्त्राने, एक साधा उपाय फार पूर्वीच शोधून ठेवलेला आहे. त्याला ठसा म्हणतात. शिळा स्वच्छ धुऊन तिच्यावर ओलसर कागद पसरतात, जाड ब्रशने ठोकून तो अक्षरांच्या खाचांत बसवतात आणि मग वरून शाईची पुरचुंडी हलक्या हाताने फिरवतात. खोलगट अक्षरे पांढरी राहतात आणि सपाट भाग काळा होतो. असा ठसा मूळ दगडाच्या बरोबर मापाचा असतो, तो दगड न हलवता जगात कोठेही नेता येतो आणि त्यावरून लेख वाचताही येतो. न्यू हेवनमधील शिळा परत आणण्याचा प्रश्न दोन देशांतील कायद्यांचा आणि वाटाघाटींचा आहे. तिचा पूर्ण मापाचा ठसा किंवा छायाचित्र आणि सोपे भाषांतर भेडाघाटला लावणे ही मात्र एखाद्या स्थानिक मंडळाच्या आवाक्यातली गोष्ट आहे. शाळकरी मुलांसमोर ठसा घेऊन दाखवण्याचे प्रात्यक्षिक हा तर संग्रहालयातील उत्तम कार्यक्रम ठरतो. एरवी काचेआड मुकी वाटणारी शिळा त्या काळ्यापांढऱ्या कागदावर एकदम बोलू लागते.

या लेखांच्या वाचनात एका मराठी विद्वानाचा वाटा फार मोठा आहे. कोकणातील कुवळे या गावी १८९३ मध्ये जन्मलेले आणि नागपूरला दीर्घकाळ अध्यापन केलेले महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी कलचुरी-चेदी संवतातील लेखांचा बृहत्संग्रह सिद्ध केला, आणि भारतीय पुराभिलेखांच्या सरकारी ग्रंथमालेतील चौथा खंड म्हणून तो १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्रिपुरीच्या राजांची वंशावळ, त्यांची दानपत्रे, त्यांचे अधिकारी आणि त्यांचे मठ यांविषयी आज जे काही खात्रीने सांगता येते, त्यातील पुष्कळसे या खंडावर उभे आहे. कलचुरी संवत इसवी सन २४८-४९ मध्ये सुरू झाला आणि तो नाशिकच्या लेण्यात ज्याचा लेख आहे त्या आभीर राजा ईश्वरसेनाने चालू केला, असे मिराशींचे प्रतिपादन होते. ते मान्य केले, तर अल्हणदेवीच्या लेखातील ९०७ हा आकडा नाशिकच्या परिसरात सुरू झालेल्या कालगणनेचा ठरतो. गोदावरीच्या खोऱ्यात जन्मलेली ही कालगणना तेथे विसरली गेली आणि नर्मदेकाठी पुढे शतकानुशतके चालत राहिली, ही गोष्ट जबलपूर आणि महाराष्ट्र या दोन्ही ठिकाणच्या श्रोत्यांना सारखीच नवी वाटण्याजोगी आहे.

या धाग्याला आणखी एक गाठ आहे. आपल्या पणजोबांचा ‘महाराष्ट्रचूडामणी’ असा उल्लेख करणारा संस्कृत-प्राकृत नाटककार राजशेखर कनौजच्या दरबारातून त्रिपुरीस युवराजदेव पहिला याच्या आश्रयास आला आणि त्याची ‘विद्धशालभंजिका’ ही नाटिका त्या दरबाराशी निगडित आहे. त्याच सुमारास कलचुरी राजकन्या राष्ट्रकूट घराण्यात सुना म्हणून जात होत्या. युवराजदेवाची कन्या कुंदकदेवी ही अमोघवर्ष तिसरा याची राणी होती. त्रिपुरी आणि दख्खन यांच्यात केवळ युद्धे नव्हती, सोयरिकीही होत्या. तेवरच्या मातीतून या संबंधांच्याही आधीचे पुरावे निघाले आहेत. १९५२ मध्ये मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांच्या मार्गदर्शनाखाली सागर विद्यापीठाने तेथे उत्खनन केले आणि त्याचा अहवाल १९५५ मध्ये ग्रंथरूपाने आला. त्रिपुरी ही नगरी कलचुरींच्या कित्येक शतके आधीपासून नांदती होती, सातवाहनांचा तिच्याशी संबंध होता आणि तिने स्वतःच्या नावाची नाणीही पाडली होती, असे या पुराव्यांवरून दिसते.

तेवरला आज जाणाऱ्या अभ्यागतास मात्र संग्रहालयापेक्षा वेगळेच दृश्य दिसते. गावात झाडाखाली, ओट्यावर, देवळाच्या भिंतीत जुनी शिल्पे बसवलेली आहेत आणि त्यांतील अनेकांची पूजा होते. जबलपूरभोवतालच्या महाकोशल प्रदेशात ग्रामदेवतेला खेरमाई म्हणतात. महाराष्ट्रातील मरीआई किंवा गावदेवी यांच्याशी तिचे नाते सहज कळण्यासारखे आहे. हजार वर्षांपूर्वीची एखादी देवता आज खेरमाई म्हणून शेंदूर लावून उभी असते, तेव्हा तिला उचलून संग्रहालयात नेणे योग्य की तिथेच राहू देणे योग्य, हा प्रश्न उभा राहतो. पुरातत्त्वज्ञ सुरक्षिततेकडे बोट दाखवतो; चोरी, ऊनपाऊस आणि तेलशेंदूर यांनी शिल्प झिजते, हे त्याचे म्हणणे खरेच आहे. गावकऱ्यांच्या लेखी ती मूर्ती इतिहासातील वस्तू नसून गावाची आई असते, आणि तिला काचेत बंद करणे त्यांना पटत नाही.

या पेचातून वाट काढण्याचा एक प्रयत्न युरोपात झाला. स्वीडनमधील स्टॉकहोम येथे १८९१ मध्ये उघडलेल्या स्कान्सेन या मोकळ्या जागेतील संग्रहालयात देशभरातील जुनी घरेच उचलून एका ठिकाणी आणून मांडली होती. त्याच्या अगदी उलट विचार १९७१ च्या सुमारास फ्रान्समध्ये पुढे आला. त्याला मराठीत परिसर-संग्रहालय म्हणता येईल. भिंती नसलेले, वस्तू जिथे आहेत तिथेच ठेवणारे आणि त्यांची देखभाल गावाकडेच सोपवणारे असे ते संग्रहालय असते. तेवरसारख्या गावाला ही दुसरी रीत अधिक शोभते. प्रत्येक शिल्पाची छायाचित्रासह नोंद करणे, तिची एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक पुरातत्त्व खात्यात ठेवणे आणि गावातीलच काही तरुणांना माहिती सांगण्यास तयार करणे, एवढ्यावरही तिची सुरुवात होते. नांगर चालवताना किंवा पाया खणताना निघणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत मात्र कायदा स्पष्ट आहे: १८७८ च्या निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यास द्यावी लागते. ही तरतूद ठाऊक नसल्यामुळे माणसे घाबरून वस्तू लपवतात किंवा विकून टाकतात. इतिहासविषयक व्याख्यानात हा साधा कायदा दोन मिनिटांत समजावून सांगितला, तर मूर्तिशास्त्रावरील तासभराच्या विवेचनाइतकाच त्याचा उपयोग होतो.

व्याख्यानाची परंपरा मराठी समाजाला नवी नाही. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झाली आणि इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९१० मध्ये स्थापन केलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने सभेत कागद वाचून दाखवायचा आणि त्यावर चर्चा करायची अशी शिस्त घालून दिली. त्या शिस्तीचा गाभा असा की वक्त्याने आपले विधान कशाच्या आधारावर आहे हे सांगितलेच पाहिजे. जबलपूरमध्ये या शिस्तीचे महत्त्व अधिकच आहे, कारण येथील सर्वांत लोकप्रिय विषय गढा-मंडल्याची गोंड राणी दुर्गावती हा असून तिच्याविषयीची साधने एका प्रकारची नाहीत. २४ जून १५६४ रोजी मोगल सरदार आसफखानाशी लढताना नर्रई नाल्यापाशी राणीला वीरमरण आले. अबुल फजलने ‘अकबरनाम्या’त तिचे वर्णन केले आहे आणि ते शत्रुपक्षाच्या दरबारी इतिहासकाराचे असूनही तिच्या शौर्याचा गौरव करणारे आहे. मंडल्याजवळच्या रामनगर येथील १६६७ च्या शिलालेखात गोंड राजांची लांबलचक वंशावळ येते. ती राणीच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी, घराण्याचे वैभव सांगण्यासाठी लिहिलेली आहे. तिसरे साधन लोकस्मृतीचे होय. राणीताल राणीने, चेरीताल तिच्या दासीने आणि आधारताल तिचा दिवाण आधारसिंह याने खोदवला, असे शहर पिढ्यानपिढ्या सांगत आले आहे. चांगला व्याख्याता या तिन्ही साधनांना एकाच तराजूत घालत नाही, आणि लोकस्मृतीची थट्टाही करीत नाही. तलावांना कोणाची नावे द्यावीशी वाटली, हेही इतिहासाचेच साधन असते.

या तलावांवरूनच जबलपूरमधील सर्वांत अर्थपूर्ण फेरी आखता येते. वारसा फेरी, जिला आता सर्रास हेरिटेज वॉक म्हणतात, म्हणजे माहितगाराबरोबर लहान गटाने पायी चालत एखादा भाग वाचणे. शहरात बावन्न ताल होते असे पूर्वापार म्हटले जाते; गोंड राजा संग्रामशाहाच्या राज्यातील बावन्न गडांशी जुळणारा हा आकडा अक्षरशः मोजण्यासाठी नसावा. त्यांतील काही पाण्याने भरलेले आहेत, काही बुजून त्यांवर वस्त्या, बागा आणि मैदाने झाली आहेत. हनुमानतालाच्या काठी जैन मंदिराचे प्राकार अजून उभे आहेत. भंवरतालाच्या जागी उद्यान आहे आणि राणीतालाचे नाव आता क्रीडासंकुलामुळे अधिक ओळखीचे आहे. भूगोल असा आहे की मदनमहालच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवरून उतरणारे पावसाचे पाणी जागोजागी अडवून हे तलाव झाले. एका तलावातून दुसऱ्यात पाणी कसे जात असेल हे चालताना उताराने पायांनाच कळते, आणि आज पावसाळ्यात कोणत्या वस्त्यांत पाणी साचते हेही त्याच उताराने समजते. इतिहासाची फेरी नगररचनेच्या प्रश्नाला अशी नकळत येऊन भिडते. (भंवरताल उद्यानात पुढे ओशो या नावाने जगप्रसिद्ध झालेल्या रजनीशांशी जोडलेला मौलश्रीचा, म्हणजे बकुळीचा, वृक्षही आहे, परदेशी प्रवाशांच्या यादीत तो शेजारच्या कलचुरी शिल्पांच्या आधी असला तर नवल नाही.)

जुन्या शहरातील दुसरी फेरी स्वातंत्र्यलढ्याची होऊ शकते. गोंड राजघराण्यातील शंकरशाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथशाह यांना १८ सप्टेंबर १८५७ रोजी तोफेच्या तोंडी देण्यात आले. त्यांच्याविरुद्ध जो पुरावा मांडला गेला, त्यात देवीला शत्रूंचा संहार करण्याची विनवणी करणारी एक कविता होती. त्यानंतर लगेचच येथील ५२ व्या पलटणीने बंड केले. या पितापुत्रांच्या नावाचे संग्रहालय १५ नोव्हेंबर २०२४ रोजी उघडण्यात आले. तेथून टाउन हॉल फार दूर नाही. १९२३ च्या मार्चमध्ये याच टाउन हॉलवर राष्ट्रध्वज लावण्यावरून संघर्ष झाला आणि त्यातून झेंडा सत्याग्रह उभा राहिला. पुढे तो नागपूरला गेला आणि देशभर गाजला. नागपूरचा झेंडा सत्याग्रह म्हणून महाराष्ट्रात तो ठाऊक आहे; त्याची पहिली ठिणगी जबलपूरची होती, याचा बहुतेकांना विसर पडला आहे. १९३९ च्या मार्चमध्ये त्रिपुरीला काँग्रेसचे अधिवेशन भरले. पट्टाभि सीतारामय्या यांचा पराभव करून अध्यक्ष झालेले सुभाषचंद्र बोस तापाने फणफणत असूनही तेथे आले होते, आणि त्यांच्या प्रतिमेची मिरवणूक बावन्न हत्तींच्या रथातून निघाली. त्या अधिवेशनाची आठवण म्हणून बांधलेली कमानिया गेट बाजारात उभी आहे. तिच्याखालून रोज जाणाऱ्यांसाठी ती बहुधा फक्त पत्ता सांगण्याची खूण आहे. २७ फेब्रुवारी १९४६ रोजी जबलपूरच्या सिग्नल दलातील हिंदी सैनिकांनी केलेले बंड मुंबईच्या नाविकांच्या उठावामागोमाग झाले, परंतु त्याची स्मृती तुलनेने पुसट आहे.

ठगांची फेरी मात्र जपून आखावी लागते. इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन याने जबलपूरला मुख्य ठाणे करून ठगांचा बंदोबस्त केला आणि माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांसाठी १८३७ मध्ये येथे उद्योगशाळा काढली. ही कहाणी सांगायला सोपी आणि ऐकायला रोमहर्षक असल्यामुळे पर्यटनात तिचा खप होतो. परंतु ठग या शब्दाखाली कोणाकोणाला एकत्र केले गेले आणि माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर किती भरवसा ठेवावा, यांविषयी इतिहासकारांनी गंभीर शंका घेतल्या आहेत. त्या न सांगता फेरी काढणे म्हणजे कंपनी सरकारचा अहवाल मोठ्याने वाचून दाखवणे होय.

त्याच स्लीमनला १८२८ मध्ये येथील बडा सिमला टेकडीत काही जीवाश्म हाडे मिळाली होती. डायनोसॉर हा शब्दच १८४२ मध्ये घडवला गेला, त्यामुळे ही हाडे कोणाची हे तेव्हा सांगणे शक्य नव्हते. रिचर्ड लिडेकर याने १८७७ मध्ये त्यांवरून टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिले. मधल्या काळात हाडांचा माग हरवला. २०१२ मध्ये कोलकात्यातील भूशास्त्रीय संग्रहात त्यांपैकी एक मणका पुन्हा हाती लागला. ही हाडे ज्या थरांतून निघाली त्यांना जवळच्या लमेटाघाटावरून लमेटा शैलसमूह म्हणतात. दख्खनच्या लाव्हाखाली दबलेले हे थर सुमारे पावणेसात कोटी वर्षांपूर्वीचे असून, त्यांचेच पट्टे महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा आणि डोंगरगाव येथे उघडे पडले आहेत व तेथेही डायनोसॉरचे अवशेष मिळाले आहेत. जबलपूरच्या टेकडीवरचा काळा दगड आणि सह्याद्रीचा कातळ एकाच लाव्हाचे. भेडाघाट-लमेटाघाट परिसर २०२१ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेला, त्यामागे संगमरवरी कड्यांच्या सौंदर्याबरोबर हे भूशास्त्रही आहे. नौकेत बसून कड्यांना वाघ, घोडा अशा आकृत्यांची नावे देणाऱ्या नावाड्यांचे यमकबद्ध समालोचन ही या जागेची खरी मौखिक कला आहे. त्यात डायनोसॉरची दोन कडवी पडली तर बिघडणार नाही. पावसाळ्यात नौका बंद असतात आणि पुराच्या पाण्यात धुआंधार धबधबाही दिसेनासा होतो, म्हणून या भागातील फेऱ्या दिवाळीनंतर घेणे सोयीचे.

मराठी अमलाचा भाग या सगळ्यात सर्वांत कमी दाखवला जातो. १७८१ मध्ये सागरच्या मराठी सुभेदारांनी गोंडांचे गढा-मंडल्याचे राज्य घेतले आणि गढ्याऐवजी जबलपूरला ठाणे केले. आजचे शहर वाढले ते त्या निर्णयापासून. १७९८ नंतर हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि डिसेंबर १८१७ मध्ये इंग्रजांनी जबलपूर जिंकले. छत्तीस वर्षांचा हा काळ स्थानिक स्मृतीत फार आनंदाने आठवला जात नाही. सततच्या वसुलीची आणि पेंढाऱ्यांच्या धामधुमीची छाया त्यावर आहे, आणि मराठी वक्त्याने ती झाकू नये. १८६७ मध्ये अलाहाबादकडून आणि मार्च १८७० मध्ये मुंबईकडून रेल्वे जबलपूरला येऊन मिळाली, तेव्हा मुंबई-कलकत्ता हा लोहमार्ग येथेच जोडला गेला. रेल्वे, कचेऱ्या, शाळा आणि १९०४ मध्ये उभ्या राहिलेल्या तोफगाड्यांच्या कारखान्यापायी पुढे पुष्कळ मराठी कुटुंबे येथे स्थिरावली. १९५६ पर्यंत नागपूर ही या प्रांताची राजधानी होती आणि मराठी ही हिंदीबरोबर त्याची भाषा होती. त्यानंतरच्या पुनर्रचनेने जबलपूरचे मराठी एकाएकी परप्रांतातले झाले, आपल्या जागेवरून न हलता.

या कुटुंबांच्या माळ्यांवर, ट्रंकांत आणि देवघरांच्या फडताळांत अजून मोडी खाती, बदल्यांचे हुकूम, लग्नपत्रिका, नाटकांची हस्तपत्रके आणि गणेशोत्सवाचे जमाखर्च असू शकतात. त्यांचे प्रदर्शन भरवण्यासाठी मालकीहक्क घेण्याचीही गरज नसते. एका दिवसासाठी कागद आणावेत, त्यांची छायाचित्रे घ्यावीत, मालकाला ते परत द्यावेत आणि मोडी जाणणाऱ्याने शेजारी बसून चार ओळी वाचून दाखवाव्यात, एवढ्यात काम होते. याच बैठकीत मौखिक इतिहास, म्हणजे प्रत्यक्ष पाहिलेल्या घटनांची माणसांनी स्वतः सांगितलेली व ध्वनिमुद्रित केलेली हकीकत, टिपून घेता येतो. त्यासाठी जबलपूरला एक विषय आपोआप उपलब्ध आहे. २२ मे १९९७ च्या पहाटे ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला. जुन्या शहरातील मातीविटांच्या घरांना त्याने मोठा धक्का दिला आणि मदनमहालच्या पायथ्याशी एका शिळेवर जेमतेम टेकलेली दुसरी शिळा, जिला सगळे शहर बॅलन्सिंग रॉक म्हणते, ती जागची हलली नाही. त्या शिळेचे छायाचित्र प्रत्येक पर्यटनपुस्तिकेत आहे. त्या पहाटे कोणत्या गल्लीतले कोण बाहेर धावले, कोणाच्या घराचा कोणता मजला पुढे पुन्हा बांधलाच गेला नाही, हे त्या वेळी तिशी-चाळिशीत असलेल्या आणि आता साठी-सत्तरीला पोहोचलेल्या माणसांना विचारावे लागेल.